दोन वायरी आन् उजवी सोंड

मही माय तेलगावात पडली तवा मला तिच्याकडं जाता येईना. वडवणीहून तेलगाव काई लांब न्हाई. जीपमधी बसलं, दोन गोष्टी बोललं, की गाव येतं. तरी जाता येईना. त्याला कारण आमच्या घरातली मशीन. मशीनीत बाई अडकली म्हनलं की लोकायला वाटतं हात-बित घावला आसंल. हात न्हाई घावला. सगळीच घावले.

आमचे मालक पुण्याकडं कंपनीत व्हते. बाहेरदेशाचा माल यायला लागला तशी कंपनी बसत गेली, आन् एक दिवस बंदच झाली. मोठ्या मशीनी कुठं कुठं गेल्या. एक लहानी व्हती, नव्या पोरायला काम शिकवायची. ती कोनाला नको व्हती. मालकानं तीच मागून घेतली. लोक पुण्याहून गावाकडं येताना कपाट आनत्यात, टीवी आनत्यात. आमच्या टेम्पोत मशीन. शेजारीन म्हनली, "वैनी, ही काय पिठाची हाय का?" मी म्हनलं, "बाई, मलाबी आजच दिसली."

शिलाई मशीनच्या दुप्पट आसंल. वरून बारीक अवजार गरगर फिरायचं आन् पितळंत कोरत जायचं. हात लावायचा न्हाई. आकडे घालायचे आन् बघत बसायचं. मालक तिच्यावर सोनारायचे ठसे कोरायचे. ठसा म्हंजे पितळंची जाड चकती, तिच्यात देव खोल कोरलेला. सोनार वर चांदीचा पातळ पत्रा ठिवून दाबतो, मंग पत्र्यावर देव उठतो. देव्हाऱ्यातले टाक तसेच करत्यात. बीडचे सोनार मालकाचं काम घ्यायचे. हातानं कोरलेल्यापेक्षा साफ यायचं.

आता आमच्याकडची लाईट. गेली तर गेली, पर आली तर कशी येईल सांगता येत न्हाई. एकदा आली ती अशी आली का बल्ब पांढराफेक झाला आन् फुटला. संगं मशीनचं कंट्रोल जळालं. कंट्रोल म्हंजे तिचं डोकं. भिंतीला लावलेलं लोखंडी खोकं व्हतं, आत हिरव्या हिरव्या पट्ट्या. घरभर वास सुटला. मालकानं खोकं उघडून पाहिलं, परत लावलं, आन् जेवले न्हाईत. मशीनचं आंग चांगलं, चाकं चांगली, पर डोक्याबिगर ती काय करनार? तिच्यावर गोधडी टाकली. मालक भांड्याच्या दुकानात नावं घालायला बसायला लागले. लग्नाच्या अहेराच्या ताटावर "अमक्याकडून तमक्याला सप्रेम भेट" कोरायचं. पुण्यातला कारागीर मानूस, मान खाली घालून ताटं कोरायचा. सांजच्याला घरी आले की गोधडी काढून मशीन तेलानं पुसायचे, परत झाकायचे.

पुढं मालकाला औरंगाबादचा एक इलेक्ट्रॉनिकवाला घावला. तो म्हनला, जुनं डोकं दुरुस्त व्हनार न्हाई, काढून टाका, मी कंप्युटरवर चालवून देतो. तो आला तो जुना कंप्युटर, एक पट्टी आन् तीन डबडे घेऊन. म्हनला, "काकू, हे तीन डबडे म्हंजे तीन बैल. एक मशीनीला डावी-उजवीकडं वढनार, एक म्होरं-मागं, एक वर-खाली. आन् कंप्युटर म्हंजे मानूस, आसूड घेतलेला."

म्या म्हनलं, "बैलायला चारा काय?"

"लाईट."

"मंग उपाशीच मरत्यात बघा."

लई हसला. चांगला व्हता बिचारा. दिवसभर खाली बसून वायरी जोडीत राहिला. मशीनीच्या जुन्या वायरी तेलानं समद्या काळ्या पडल्या व्हत्या, रंग वळखू येईना. मालक एक एक वायर चिंधीनं पुसून त्याच्या हातात द्यायचे. दुपारी लाईट गेली ती पार ऊन कलल्यावर आली. त्याला बीडची शेवटची गाडी घावायची व्हती. घाईघाईत त्यानं मशीन चालू केली. कागदावर पेनानं एक चौकोन काढला मशीनीनं. बरोबर. मंग एक गोल काढला. बरोबर. मालकाच्या डोळ्यात पानी आलं. तो चहा अर्धा ठिवून गाडीला पळाला. जुनं खोकं मी परसात नेलं आन् त्यात गवऱ्या भरल्या.

आता चूक कुठं झाली ती आइका. चौकोन आरशात पाहिला तरी चौकोनच दिसतो. गोलाचंबी तसंच. डावी-उजवीकडं वढणाऱ्या बैलाच्या दोन वायरी उलट्या लागल्या व्हत्या. उजवीकडं म्हनलं की मशीन डावीकडं जायची. पर चौकोनाला काय त्याचं?

पहिलं काम देवाचं म्हून मालकानं गणपतीच लावला. बीडच्या सोनाराला सणाच्या आधी चांदीचे गणपती पाह्यजे व्हते. ठशात देव उलटाच असतो, त्येच्यामुळं उलटा दिसला का सुलटा दिसला, कोनाच्या ध्यानात आलं न्हाई. काम मात्र असं साफ झालतं का उंदराच्या शेपटीचे केस मोजून घ्यावेत. मालक बीडला ठसा देऊन आले. दुसऱ्या बाजारच्या दिवशी एसटीडीवाला सांगत आला, "सोनारानं बोलावलंय. आवाज काई बरा न्हवता."

मालकानं ओळखलं काईतरी चुकलंय. म्हनले, "तू जा. बायामानसाला कोनी टाकून बोलत न्हाई."

मी गेले. सोनारानं मला पानी दिलं, बसायला दिलं, आन् लाल कपड्यात गुंडाळलेलं काईतरी म्होरं सरकवलं.

"उघडा वैनी."

चांदीचा गणपती. लई सुंदर. मी म्हनलं, "चांगला तर हाय."

"सोंड बघा. उजवी हाय. डाव्या सोंडेचा सांगितलता मी. हा कोन घेईल? ह्याचं सोवळं कडक असतं. एकदा चुकलं तर घर बसतं."

"मंग आटवा ना दादा. तुमची चांदी तुमी घ्या."

त्यानं दोनी कानाला हात लावला. "गणपती आटवू? मला लेकरंबाळं हायेत. ही चांदी ऱ्हाऊ द्या तुमालाच. ठसाबी न्या. आन् दुसऱ्या कोनाला देऊ नका, शाप लागंल."

लाल कपडा त्यानं मह्या वटीत टाकला. मी पदर पसरला न्हवता, तरी टाकला. तसंच घेऊन गाडीत बसले.

घरी आल्यावर मालकानं ठसा पाहिला, सोंड पाहिली, आन् कपाळावर हात मारला. पेचकस घेऊन खाली बसले, दोन वायरी काढल्या, इकडची तिकडं लावली. भाकर भाजून व्हायच्या आत मशीन सुलटी झाली. मला म्हनले, "बघ, एवढंच व्हतं."

मशीनीचं एवढंच व्हतं. पर तवर आमच्या आत्याबाईनं, म्हंजे सासूनं, लाल कपडा उघडून देव देव्हाऱ्यात ठिवला व्हता आन् त्याला कुकू लावलं व्हतं.

आमी लिंगायत. गळ्यात लिंग, घरात महादेव. गणपती म्हंजे आमच्यात घरचं लेकरू, त्याचं एवढं सोवळंओवळं कोनी करीत न्हाई. पर सोनाराचं बोलनं मी जसंच्या तसं सांगितलं आन् आत्याबाईच्या मनात ते बसलं. त्या गल्लीतल्या भटजीकडं जाऊन आल्या. येताना समदे नेम घेऊन आल्या. पहाटं डोक्यावरून आंघोळ. लुगडं ओलं करून तसंच नेसायचं, आन् ओल्यानंच पूजा. त्याला नैवेद्य दाखवल्याबिगर घरात कोनी तोंडात काई घालायचं न्हाई, पानीबी न्हाई. घराला कुलूप लावायचं न्हाई. आन् रोज एकाच हातानं पूजा झाली पाह्यजे.

"मंग कोनाच्या हातानं?" मी इचारलं.

"ज्याच्या वटीत आला त्याच्या."

"आत्याबाई, तो काई आला न्हाई. वायर चुकली म्हून निघाला."

"वायर चुकवनारा कोन? तुहा नवरा? का तो औरंगाबादचा? अगं, त्याला यायचं व्हतं म्हून त्यानं चुकवली. एवढे सोनार पडलेत बीडात, ह्याच घरात कावून आला?"

मालक म्हनले, "आई, मी डाव्या सोंडेचा नवा करून देतो, तो बसव." त्यावर आत्याबाई म्हनल्या, "आल्या पाव्हन्याला उठवून दुसऱ्याला बसवत्यात का रे?" मालक आईसमोर कधी वाद घालत न्हाईत. मला कोपऱ्यात म्हनले, "म्हातारी हाय. चार दिस करंल, इसरंल."

आत्याबाई इसरल्या न्हाईत. त्यायला करायचंच न्हवतं, इसरतील कशाला? करायचं मला व्हतं.

सण गेला, दसरा गेला, थंडी पडायला लागली. हापशाला पानी कमी. पहाटं दोन घागरी आनायच्या, एक डोक्यावर वतायची, त्यातच लुगडं भिजवायचं. ओलं लुगडं आंगावर आन् दात वाजायलेत. दात वाजले तर आत्याबाई आतून म्हनायच्या, "मंतर नीट म्हन." मला मंतर कुठं येतो? दुसरीतनं शाळा सुटलेली. मी आपलं "बाबा जेव, बाबा जेव" म्हनायचे. मालकाचं काम मात्र जोरात चाललं. नवं डोकं जुन्यापेक्षा बरं निघालं. भांड्याचं दुकान सुटलं. घरात दोन वेळचं नीट व्हायला लागलं, आन् आत्याबाई समद्यायला सांगायच्या, "त्यानंच दिलं." मला बाजाराला जायचं तरी धावत जायचं, धावत यायचं. लग्नाला न्हाई, बारशाला न्हाई. शेजारीन म्हनायची, "वैनी, तुमाला तर दाव्याला बांधलं." मी हसायचे. खरं व्हतं ते. दावं तरी लांब असतं.

अशात तेलगावचा एक मानूस बाजाराला आलता, त्यानं निरोप आनला. माय वट्याच्या पायरीवरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. डाक्टरनं वजन बांधून पाय लांब करून निजवलंय. मह्या मायला मी आन् एक भाऊ. भाऊ तिकडं लांब नोकरीला, येऊन दोन दिवस ऱ्हाऊन गेला. शेजारची बाई सकाळी भाकर टाकून जायची, बाकी दिवसभर माय एकटी, उठता येईना, परसाकडंबी जाता येईना. निरोप एवढाच व्हता: "लेकीला म्हनावं, ये."

मी आत्याबाईला म्हनलं, "मी जाऊन येते."

"जा की. दुपारी जा, दिवस बुडायच्या आत ये. पहाटं पूजा हाय."

तसं मी दोनदा गेले. जीपची वाट बघन्यात अर्धा दिवस जायचा. मायला पुसून काढायचं, हातरून बदलायचं, दोन घास घालायचे, तवर निघायची वेळ. निघाले की ती मह्या लुगड्याचं टोक हातात धरायची. सोड म्हनायची माह्यात हिम्मत न्हाई. तिची बोटं मीच एक एक करून उघडायचे.

मंग दुसरा निरोप आला. पाठीला जखम झाली. निजून निजून झाली. ताप येतो. जो सांगायला आला तो म्हनला, "जायचं तर आत्ता जावं लागंल, मागून जाऊन उपेग न्हाई."

मालक मशीनीवर व्हते. मी त्यायच्याकडं पाहिलं. त्यायनी मशीन बंद केली, आन् आईकडं पाहिलं.

आत्याबाई म्हनल्या, "मह्या जिवाला काय बरं वाटतंय का? पर हा देव लहान न्हाई. माय तुही हाय, घर समद्यायचं हाय. एक दिवस पूजा चुकली आन् पोराचं डोकं परत जळालं, मशीनीचं, तर? परत ताटं कोरत बसंल तो."

ही भीती खोटी न्हवती. मलाबी ती व्हती, खोटं कशाला बोलू. ताटं कोरताना मालकाची मान मी पाहिलेली. त्या दिवशी मी चुलीम्होरं बसून लई इचार केला. नवरा, सासू, देव, मशीन, समदे एकमेकायला धरून उभे, आन् मधी मी. कुठूनबी निघावं तर कोनाचा तरी पाय तुडवावा लागतो. मंग मला असं वाटलं, कोनाला सोडून निघायचंच कावून?

पहाटं मी घागर डोक्यावर वतली, पूजा केली, नैवेद्य दाखवला. मंग तेलाचा रिकामा पितळी डबा घासून घेतला, त्यात धुतलेलं फडकं टाकलं, फडक्यावर देव निजवला, वर दोन फुलं.

आत्याबाई वरडल्या, "अगं ए बये! काय करती?"

"देव घेऊन जाते. तिकडं रोज पूजा करीन. ओल्यानंच करीन. हात माहाच हाय."

"देव जीपमधी जातो का कुठं?"

"जीपवाल्याच्या काचंम्होरं चिकटवलेला गणपतीच हाय. तो रोज वडवणी-तेलगाव करतो. त्याच्याम्होरं अगरबत्ती बी हाय. आन् सणाला गणपती ट्रॅक्टरातनं येतो, खताच्या ट्रॉलीत बसून. तवा कोनी म्हनत न्हाई, ट्रॅक्टरात कावून आला."

आत्याबाई मालकाकडं बघायल्या. "आरं, तू काई बोल!"

मालक मशीनीम्होरून उठले. मला वाटलं आता अडवत्यात. त्यायनी डबा मह्या हातातून घेतला, झाकन लागत न्हवतं, ते नीट बसवलं, वरून सुतळी बांधली, आन् म्हनले, "चला, स्टँडपर्यंत येतो."

आत्याबाई दाराबाहेर आल्या न्हाईत. आतूनच म्हनल्या, "नेम मोडू नको."

जीपमधी लई गर्दी व्हती. डबा मी मांडीवर धरला. शेजारचा म्हातारा म्हनला, "त्यात तूप हाय का गं?" मी म्हनलं, "देव हाय." तो म्हनला, "मंग सरक जरा, त्याला तरी नीट बसू दे." आन् खरंच आंग चोरून बसला.

मायच्या घरात वास भरून ऱ्हायलता. ती भिताडाकडं तोंड करून पडली व्हती. मी हाक मारली तर म्हनली, "आलीस? आता लगेच निघू नको." म्या म्हनलं, "न्हाई निघत." डबा कोनाड्यात ठिवला. त्या दिवशी तिची जखम धुतली, कडुलिंबाचं पानी केलं, डाक्टरला बोलावून आनलं. त्यानं सुई दिली, रोज कूस बदलायला सांगितली. रात झाली तवा तिच्या आंगातला ताप जरा उतरला.

दुसऱ्या दिवशी पहाटं मी उठून आडावर गेले. तेलगावात पानी बरं व्हतं. आंघोळ करून ओल्या लुगड्यानं आत आले, चूल पेटवली. नैवेद्याला भाकर टाकली. तवर माय जागी झाली.

"बाय, भाकर भाजायली का?"

"हां."

"दी ना थोडी. रातभर पोटात आग पडली बघ. औषध उपाशीपोटी नको म्हनला डाक्टर."

मी म्हनलं, "माय, जरा दम धर. आधी देवाला दाखवते."

ती म्हनली, "किती वेळ लागंल?"

फुलं आनायची व्हती, गंध उगाळायचं व्हतं. मी तव्यावरच्या भाकरीकडं पाहिलं. ती फुगून आली व्हती. तिचा पापुद्रा उलगडला, वाफ निघाली. कोनाड्यात डबा, सुतळी अजून सुटायची व्हती. मालकाची मशीन डोळ्यासमोर आली, तिचे तीन डबडे, त्यातले लहाने लहाने दिवे. पितळंवर चाललेलं अवजार. ते आत्ता ह्या वेळंला चालू आसंल, का लाईट गेली आसंल?

मी भाकर कुस्करली, दुधात भिजवली, आन् मायचं डोकं मांडीवर घेऊन तिला खाऊ घातली. ती लेकरावानी खात व्हती. घास गिळताना तिच्या गळ्याची शीर हालायची. वाटी संपली तवा म्हनली, "आजून हाय का?"

"हाय."

"मंग दाखव तुह्या देवाला."

तिला औषध दिलं. मंग मी परत घागर डोक्यावर वतली, देव बाहेर काढला, उरलेली भाकर म्होरं ठिवली आन् म्हनलं, बाबा जेव.

त्यानंतर रोज तसंच झालं. आधी माय, मंग तो. मायची जखम भरत आली. पार होळीच्या सुमाराला ती काठीवर दारापर्यंत जायला लागली. भावाची बायको येऊन ऱ्हायली तवा मी निघाले.

घरी आले तर मशीन चालूच व्हती. मालक ठशावरचा पितळंचा कीस ब्रशनं झाडत व्हते. मह्याकडं बघून हसले. आत्याबाईनं डबा घेतला, सुतळी सोडली, देव उलटा-पालटा करून पाहिला.

"नेम मोडला न्हाई ना?"

"तो रोज जेवला," मी म्हनलं.

आधी कोन जेवलं ते त्यायनी इचारलं न्हाई. देव्हाऱ्यात त्याची जागा पुसून त्याला बसवला, आन् मला म्हनल्या, "घागरी रिकाम्या हायेत. उद्या पहाटंला पानी लागंल." मी पिशवी ठिवली आन् हापशाकडं गेले.